वेळ संपली, क्वेरी चालूच

महिनाअखेरीच्या अहवालांच्या दिवशी, ऐन गर्दीच्या वेळी, आमच्या पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेस सर्व्हरने नवी कनेक्शन घेणे बंद केले. सुपरयूझरसाठी, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्यासाठी, मुळात ३ कनेक्शन राखीव असतात, म्हणून मला निदान आत शिरता आले. पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी ही चालू कामांची यादी पाहिली, तर अहवालाची एकच क्वेरी, म्हणजे डेटाबेसकडे केलेली मागणी, निरनिराळ्या प्रोसेस क्रमांकांवर चालू होती. अ‍ॅप्लिकेशन ३० सेकंद वाट पाहून कनेक्शन तोडायचे आणि तीच क्वेरी पुन्हा धाडायचे. पण समोरचा निघून गेल्याचे सर्व्हरच्या गावीही नव्हते, कारण निकाल पाठवायची वेळ येईपर्यंत तो सहसा सॉकेटकडे, म्हणजे कनेक्शनच्या टोकाकडे, बघतच नाही.

मी एकेक क्वेरी रद्द करायला घेतली. रद्द करणे म्हणजे त्या प्रोसेसला सिगइंट हा ‘थांब’ असा संकेत पाठवणे. प्रोसेस लगेच थांबत नाही, तर कोडमधल्या सुरक्षित टप्प्यावर आल्यावर तो संकेत तपासते, ट्रान्झॅक्शन गुंडाळते, लॉक सोडते आणि तात्पुरत्या फायली पुसते. बहुतेक क्वेऱ्या अशा निघाल्या. एक मात्र हलेना. तिच्यापुढे ‘क्लायंटराइट’ लिहिलेले होते, म्हणजे निकाल घेणारा प्रोग्रॅम कनेक्शन न तोडताच गोठला होता आणि सर्व्हर पाठवायच्या डेटाने भरलेल्या बफरपुढे ताटकळत होता. तिच्या जुन्या स्नॅपशॉटमुळे (तिने धरून ठेवलेल्या डेटाच्या जुन्या चित्रामुळे) ऑटोव्हॅक्यूम ही आपोआप होणारी सफाई धावूनही मृत ओळी, म्हणजे बदललेल्या किंवा पुसलेल्या ओळींच्या जुन्या प्रती, साफ होत नव्हत्या, त्यामुळे तिला तसेच सोडणे परवडणारे नव्हते.

‘सरळ किल माइनस नाइन मारू या,’ असे सहकारी म्हणाला, म्हणजे प्रोसेसला आवराआवरीची संधी न देता मारणारी आज्ञा. मी त्याचा हात धरला. एक प्रोसेस अशी मेली की सामायिक मेमरी बिघडली असावी असे मानून पोस्टमास्टर (पोस्टग्रेस्क्यूएलची मुख्य प्रोसेस) बाकीच्या सगळ्या सेशन बंद पाडतो आणि रिकव्हरी, म्हणजे डेटा पुन्हा सुसंगत स्थितीत आणण्याचे काम, सुरू करतो. महिनाअखेरीला ते कोणालाच झेपले नसते. त्याऐवजी कनेक्शनच बंद करणारे पीजी_टर्मिनेट_बॅकएंड चालवले. त्याचा सिगटर्म हा संकेत लिहिताना अडकलेल्या प्रोसेसलाही बाहेर काढतो, आणि ती गेली.

नंतर आम्ही अहवालाच्या रोलपुरता (डेटाबेसमधल्या खात्यापुरता) स्टेटमेंट टाइमआउट, म्हणजे क्वेरीला वेळेची मर्यादा, लावला. सर्व्हरभर लावला असता तर इंडेक्स बांधण्यासारखी लांबलचक कामेही मध्येच तुटली असती. २०२१ च्या १४ व्या आवृत्तीपासून क्वेरी चालू असतानाच क्लायंट (समोरचा प्रोग्रॅम) आहे की गेला हे तपासण्याची सोय आहे, पण ती मुळात बंद असते. तीही चालू केली. मात्र क्लायंटराइटमध्ये अडकलेल्या प्रोसेसवर स्टेटमेंट टाइमआउटची मात्रा चालत नाही, कारण तोही शेवटी रद्द करण्याचाच संकेत. त्या स्थितीसाठी आम्ही वेगळा अलर्ट लावला आहे.