बॉयलरचं कपाट

लंडनजवळच्या स्लाऊमध्ये मी सुतारकाम करतो, बहुतेक किचनचंच. मागच्या हिवाळ्यात मूळच्या ठाण्याच्या एका काकूंनी बोलावलं. ओट्याच्या वर भिंतीवर घर आणि पाणी तापवणारा गॅसचा जुना बॉयलर होता, तो त्यांना डोळ्यांसमोर नको होता. "चारी बाजूंनी बंद कर रे, बाकीच्या कपाटांसारखंच दिसू दे."

माप घेताना लक्ष वर गेलं. बॉयलरच्या पत्र्यावर तपकिरी काजळी धरली होती. काचेतून दिसणारी ज्योत पिवळी, लवलवती. ती निळी असायला हवी. नवे बॉयलर सीलबंद असतात, हवा बाहेरून घेतात आणि जळालेला वायूही बाहेरच सोडतात. हा मात्र खोलीतल्या हवेवर जळणारा होता. त्या हवेसाठी भिंतीत जाळी ठेवलेली, आणि तिच्यात वर्तमानपत्र कोंबलेलं. थंडीचा झोत येतो म्हणून!

"काकू, हल्ली डोकं दुखतं का?"

"सकाळी जड असतं. बाहेर पडले की उतरतं."

पुढे काही विचारलं नाही. बॉयलर बंद केला, खिडक्या सताड उघडल्या, काकूंना अंगणात नेलं आणि गॅसच्या आपत्कालीन नंबरवर, ०८०० १११ ९९९ वर, फोन लावला. हवा कमी पडली की गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला ना रंग ना वास. अशा बॉयलरला फळ्यांनी कोंडलं असतं तर उरलीसुरली हवाही गेली असती. आलेल्या माणसाने गॅस तोडला आणि 'वापरू नका' अशी चिठ्ठी लावली. काकूंना मी त्याच दुपारी डॉक्टरांकडे घेऊन गेलो. सुताराला गॅसच्या कामाला हात लावता येत नाही, ते गॅस सेफ रजिस्टरमधल्या, म्हणजे गॅसचं काम करायची परवानगी असलेल्यांच्या अधिकृत यादीतल्याच माणसाचं काम. पण दिसलेलं बोलून दाखवणं माझंही काम आहे, असं मी मानतो.

नवा सीलबंद बॉयलर बसला. सोबत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही, कारण इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२२ पासून नवा बॉयलर बसवताना तो बंधनकारक आहे. मगच मी कपाट केलं, कंपनीच्या पुस्तिकेत चहूबाजूंनी जेवढी मोकळी जागा सांगितली होती तेवढी सोडून. त्याला पाठ नाही, तळ नाही. दार पूर्ण उघडतं, बाजूची फळी स्क्रू काढले की निघते, म्हणजे सर्व्हिसला येणाऱ्याचा हात अडत नाही. अलार्म कपाटाच्या बाहेर.

"खाली पिशव्या ठेवू का रे?" काकूंनी विचारलं.

"नको काकू. तिथे व्हॉल्व्ह आहेत, प्रेशरचा काटा आहे. मोकळंच राहू दे."