ऑस्टिनमध्ये एका दमात

अंकल टुपेलो या इलिनॉयमधल्या बँडचा ‘ॲनोडाइन’ हा १९९३ सालचा अल्बम मी अलीकडे पुन्हा लक्षपूर्वक ऐकला. टेक्सासमधील ऑस्टिन येथे निर्माता ब्रायन पॉलसन याने तो ध्वनिमुद्रित करताना वादकांना स्टुडिओत एकत्र बसवून गाणी सलग वाजवून घेतली आणि नंतर वरून काही चढवण्याचा मोह टाळला, त्यामुळे ड्रम, गिटार आणि मॅक्स जॉन्स्टनचे फिडल (म्हणजे व्हायोलिन) एकाच खोलीतल्या हवेत मिसळलेले ऐकू येतात. फिडलच्या तारेवर गज घासल्याची खरखर कोणी पुसून काढलेली नाही. मला तर सुरावटीइतकीच ती खरखर आवडते. बँडच्या दोन गायकांपैकी जे फॅरारचा जड, संथ आवाज आणि जेफ ट्वीडीचा किंचित चिरका, उतावळा आवाज आलटून पालटून येतात, पण अल्बम दुभंगत नाही. बँड मात्र १९९४ मध्ये दुभंगला. एका गाण्यात टेक्सासचाच गायक डग साम पाहुणा म्हणून गातो, आणि तिथे सगळेच जरा सैलावतात. हा अल्बम हेडफोनपेक्षा स्पीकरवर, आवाज थोडा वाढवून ऐकावा.