हातमोज्यावर चाललेला कटर

निसर्ग चक्रीवादळ 3 जून 2020 ला येऊन गेलं, त्यानंतर सहाव्या दिवशीची गोष्ट. दापोली तालुक्यातल्या आमच्या गावात वीज नव्हती, मोबाईलला रेंज नव्हती आणि माझ्या गॅरेजच्या ओट्यावर अकरा कटर ओळीने पडलेले. कटर म्हणजे झाडं कापायचं मशीन. चेनसॉ हा शब्द आमच्याकडे फक्त बिलावर दिसतो. बहुतेक चिनी 58 सीसीचे, ऑइल अंदाजपंचे घालून दिवसभर पिळलेले. चारांचे पिस्टन जाम, दोघांच्या कॉइल, म्हणजे ठिणगीचा करंट देणाऱ्या गुंडाळ्या, गेलेल्या. कॉइल उघडून बघण्यासारखी वस्तू नाही, नवीच आणायची. लॉकडाऊनमध्ये ती आणणार कुठून?

त्यात अप्पा आले. आमच्या पंचक्रोशीतले जुने लाकूड ठेकेदार, वय ऐंशीच्या आसपास. रिक्षातून गोणपाटात बांधलेलं धूड उतरवलं आणि म्हणाले, "बघ रे जरा. दोरी ओढली की गुरगुरतं, पन पेटत नाय."

गोणपाटात श्टील 070 होता. (पोलादातला स्टील नव्हे, जर्मनीची कंपनी.) 106 सीसी, पट्टी (जिच्यावर चेन फिरते ती) आणि चेन सोडूनच दहा किलोच्या वर. झटका बसला की चेन थांबवणारा चेनब्रेक नाही, हादरे झेलायला स्प्रिंग नाही. अप्पांनी तो कधीकाळी मुंबईच्या दारुखान्यातून, म्हणजे जहाजं मोडतात त्या भागातून, भंगाराच्या भावात उचललेला. खरं सांगायचं तर दोन वर्षांपूर्वी हाच कटर त्यांनी दाखवला होता, तेव्हा मी "अप्पा, वजनावर विका" म्हटलं होतं. ते त्यांच्या लक्षात होतं. बोलले काही नाहीत, स्टुलावर बसून राहिले.

प्लग काढून बॉडीला टेकवला, दोरी ओढली. ठिणगी पडत होती, पण पिवळी, मेलेली. फ्लायव्हील उतरवल्यावर आत पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी करंट जोडणारी-तोडणारी दोन तोंडं, दिसले आणि माझा जीव भांड्यात पडला. पॉइंट म्हणजे माझं शिक्षण. राजदूत आणि चेतकवर हात बसलेला माणूस मी. पॉइंटची तोंडं जळून त्यावर खड्डे पडलेले, म्हणजे पॉइंट जळू न देणारा कंडेन्सर गेलेला. डब्यात राजदूतचा एक जुना कंडेन्सर होता. तो आत मावेना, म्हणून वायर लांबवून बाहेर कव्हरखाली बांधला. पॉइंट पॉलिश पेपरने घासले, 0.4 मिलीमीटरचा गॅप धरला. ठिणगी निळी पडली.

तरी मशीन धरेना. प्लगच्या भोकातून चार थेंब पेट्रोल सोडलं की दोनदा फाडफाड करायचं आणि बंद. म्हणजे रोग कार्बोरेटरात. कटर आडवा, उभा, वाकडा कसाही धरावा लागतो, म्हणून त्याच्या कार्बोरेटरात स्कूटरसारखा फ्लोट नसतो. त्याऐवजी एक पातळ पडदा आत-बाहेर होऊन पेट्रोल सोडतो. तो डायफ्राम सुकून पापड झालेला. चिनी मशीनचा लावावा तर हे कार्बोरेटर त्याच्या दीडपट.

करोनाचे दिवस. आशाताईंनी गॅरेजसाठी निळ्या हातमोज्यांच्या दोन जोड्या दिल्या होत्या. नायट्राईलचे. साधं रबर पेट्रोलमध्ये फुगून फुकट जातं, नायट्राईल जास्त तग धरतं. एक मोजा दुहेरी घडी करून जुन्या डायफ्रामच्या मापाने कापला, मधलं पितळी बटण जुन्यातून काढून यात बसवलं. पॅकिंग लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचं. पेट्रोलमध्ये लिटरला 40 मिली टूटी (2T, टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑइल, कारण एवढ्या जुन्या मशीनला आजचं पातळ मिश्रण द्यायची माझी हिंमत नव्हती.

सातव्या ओढीला पेटला. नव्या कटरसारखा किंचाळत नाही तो, खोल धडधडतो. शेजारची कोंबडी कौलावर गेली. अप्पा नुसते म्हणाले, "चेन घासून दे." वीज नसल्यामुळे ग्राइंडर बंद, म्हणून 5.5 मिलीमीटरच्या गोल कानशीने एकेका दाताला हाताने धार काढली. तासभर गेला.

पाण्याच्या टाकीकडे जाणाऱ्या रस्त्यावर रायवळ आंबा आडवा पडला होता. त्यात आधीच दोन कटर अडकून राहिलेले, कारण पोरं सरळ वरून कापत सुटली होती. खोडाचं एक टोक मुळांवर, दुसरं फांद्यांवर टेकलेलं. मध्ये पोट लोंबत होतं. वरून खोल गेलं की काप मिटतो आणि पट्टी चिमटते. अप्पांनी काठीने खूण केली: वरून तिसरा हिस्सा कापायचा, तिथे खैराची पाचर ठोकायची, मग खालून. मुळांच्या बाजूला कुणी उभं राहायचं नाही, भार सुटला की बुंधा उलटा उभा राहतो.

खालून कापताना चेन मशीनला तुमच्याच अंगावर ढकलते आणि 070 ला ब्रेक नाही. पायांत कापरं भरलं होतं, लपवत नाही. शेवटचं बोटभर लाकूड उरलं तेव्हा अप्पांनी हात वर केला. मी थांबलो, बाजूला झालो, पट्टी पुन्हा लावली. खोड धप्पकन खाली आलं आणि मुळांचा गड्डा माणसाएवढी माती घेऊन खड्ड्यात परत बसला.

खोडात भोकंच भोकं. भुशात बोटाएवढी पांढरी अळी वळवळत होती. भिरूड. आंबा वाऱ्याने पडला असेल, पण पोखरला होता तिने. मजा अशी की कटरच्या चेनचा आजचा दात अशाच एका अळीवरून आला. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातल्या जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने 1946 मध्ये लाकूड पोखरणारी अळी डावीउजवीकडे जबडा चालवताना पाहिली आणि तसे दात घडवले; पुढच्या वर्षी ती चेन विकायला आली. हे मी अप्पांना सांगितलं. त्यांनी अळी काठीने उलटी केली, निरखली आणि चिरडली. "भिरडाचा धंदा," म्हणाले.

संध्याकाळपर्यंत टाकीचा रस्ता मोकळा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन परत धरेना; मोज्याचा पडदा फुगून सुरकुतला होता. मी दुसरा मोजा कापत होतो तेवढ्यात आशाताई दारात आल्या.

"चार दिवसांत दोन जोड्या संपवल्यात?"

मी कार्बोरेटर उघडाच दाखवला.