तुम्ही विचारलंत म्हणून : मिक्सिंगला आणि स्क्रॅचला प्लेअर कुठला घेऊ?

"दादा, डीजेच्या प्लेअरची जोडी घ्यायची आहे. मिक्सिंग पण करायचंय आणि स्क्रॅच पण शिकायचंय. कुठला घेऊ?" गणपती जवळ आले की शिवाजी पेठेतली, मंगळवार पेठेतली पोरं हेच विचारतात. मिक्सिंग म्हणजे दोन गाणी एकमेकांत मिसळणं, आणि स्क्रॅच म्हणजे गाणं हातानं मागं-पुढं घासून त्यातून ताल काढणं. चांगल्या प्लेअरची जोडी म्हणजे लाखांचा मामला, आणि बऱ्याच जणांनी त्यासाठी हप्ते बांधून घेतलेले असतात. म्हणून एका मॉडेलचं नाव सांगून मोकळं होणं मला पटत नाही. माझं मत मात्र ठाम आहे. कोल्हापुरात जी गाणी वाजतात ती वाजवायची असतील, तर प्लेअर जॉग (वरची हातानं फिरवायची गोल चकती) आणि पिच स्लायडर (गाण्याचा वेग कमी-जास्त करणारी सरकती कळ) बघून घ्या. स्क्रीन, दिवे, पॅड हे सगळं त्यानंतर.

याचं कारण आपल्या गाण्यांत आहे. कॉम्प्युटरवर बनवलेलं गाणं 128 बीपीएमला, म्हणजे मिनिटाला 128 ठोक्यांना, सुरू होतं आणि 128 लाच संपतं. अशी दोन गाणी सिंक, म्हणजे वेग आपोआप जुळवणारं बटण दाबलं की एकमेकांवर बसतात. हलगीवाला तसा वाजवत नाही. तो रंगात आला की लय चढते, घुमकं त्याच्या मागं धावतं. लावणीत ढोलकीवाला शेवटाकडं उठाव घेतो. जुन्या सिनेमातल्या गाण्यात तर सगळा वाद्यवृंद माणसांनी बसून वाजवलेला. प्लेअर मात्र गाण्यावर सारख्या अंतरानं रेघा मारून ठेवतो आणि त्या रेघांवर भरवसा ठेवून सिंक करतो. हलगी पुढं निघून जाते, रेघा मागं राहतात, आणि मिरवणुकीत महाद्वार रोडला ऐन गर्दीत दोन ताल एकमेकांना धडकतात. बदलती लय ओळखणारं सॉफ्टवेअर आता मिळतं, पण त्यानं मारलेल्या रेघासुद्धा घरी बसून हातानं तपासाव्या लागतात. शेवटी मिरवणुकीच्या ट्रॉलीवर उभ्या असलेल्या माणसाचा कान आणि बोट, हेच उपयोगी पडतं.

त्या बोटाखाली काय आहे, हे म्हणून महत्त्वाचं. मोठ्या प्लेअरवर पिच स्लायडरची चाल लांब असते, सुमारे 100 मिलिमीटर. पायोनियर कंपनीच्या सीडीजे या प्लेअरच्या मालिकेत रेंज, म्हणजे स्लायडर वेग जास्तीत जास्त किती बदलेल ती मर्यादा, ±6 टक्के ठेवली की वेग 0.02 टक्क्याच्या पायरीनं बदलतो, ±10 ला 0.05 टक्क्याच्या. म्हणजे रेंज जेवढी कमी, तेवढा हात बारीक चालतो. हलगी धरायला रेंज मुद्दाम मोठी ठेवणारी पोरं मी बघतो. खरं तर वेग आधी जवळ आणून ±6 वर काम केलं तर बोटाचा धक्का गाण्याला लागत नाही. लहान, स्वस्त मॉडेलांत स्लायडर आखूड असतो आणि हीच बारीक चाल हातातून जाते. पैसे वाचवायचे असतील तर पॅड कमी असलेलं मॉडेल घ्या, आखूड स्लायडरचं घेऊ नका.

आता जॉग. स्क्रॅच समजून घ्यायचा तर रेकॉर्डपासून सुरुवात करावी लागते. टेक्निक्सचा एसएल-1200 हा टर्नटेबल 1972 साली आला. त्यात मोटर पट्ट्याशिवाय थेट थाळीला फिरवते. त्याच दशकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात ग्रँड विझर्ड थिओडोर या पोरानं रेकॉर्ड हातानं मागं-पुढं घासून त्यातून ताल काढला. स्क्रॅचचा जनक म्हणून त्याचंच नाव घेतात. गंमत त्या मोटरमध्ये आहे. वर रेकॉर्ड हातानं धरलेली असते, खाली गुळगुळीत कापडाच्या चकतीखाली थाळी फिरतच राहते. हात सोडला की रेकॉर्ड त्याच क्षणी वेगात येते.

2001 मध्ये आलेल्या सीडीजे-1000 नं हे हातानं घासणं टेबलावरच्या डिजिटल प्लेअरमध्ये आणलं. जॉगच्या माथ्यावर हात ठेवला की गाणं थांबतं, फिरवलं तसं वाजतं, कडेला बोट लावलं की गाणं थोडं पुढं किंवा मागं ढकललं जातं. रेकॉर्ड मिनिटाला 33⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला 1.8 सेकंद. जॉगचं गणितही त्याच हिशेबानं बांधलेलं आहे, म्हणून रेकॉर्डवर शिकलेल्या हाताला तो परका वाटत नाही. फरक एकच, पण मोठा: हा जॉग स्वतः फिरत नाही. साधा बेबी स्क्रॅच, म्हणजे नुसतं मागं-पुढं, यावर उत्तम होतो. पण आवाज पुढं सोडून द्यायचा असतो अशा स्क्रॅचमध्ये खालून ओढ लागत नाही. हाताला ती ओढ समजली की तालातली जागा सापडते, आणि स्थिर जॉगवर ती जागा फक्त कानानं शोधावी लागते.

ही ओढ देणारे, थाळी खरोखर फिरवणारे डिजिटल प्लेअरही निघाले. टेक्निक्सनं एसएल-डीझेड1200 काढला होता. अलीकडचा म्हणजे डेननचा एससी6000एम, 2020 चा. त्याची थाळी 8.5 इंची आणि मोटरवर फिरणारी. शिवाय एकाच प्लेअरमध्ये दोन गाणी दोन थरांत चालतात आणि गाण्याचं विश्लेषण प्लेअर स्वतःच करतो. त्याच साली आलेल्या सीडीजे-3000 ला 9 इंची टचस्क्रीन आहे, जॉग स्थिर आहे, आणि सीडी घालायची सोय काढून टाकली आहे. दोन्ही यंत्रं उत्तम.

मग मी काय सांगतो? स्क्रॅच हेच तुमचं वेड असेल, घरात रोज तास-दीड तास घासणार असाल, तर फिरणारी थाळी घ्या. पहिल्या वर्षात हात जो घडतो तो तिच्यावरच घडतो. तुमचं काम मुख्यतः मिरवणुकीचं असेल तर स्थिर जॉगचा मोठा प्लेअर घ्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर सुई टिकत नाही, म्हणून टर्नटेबल तिथं बादच. फिरणाऱ्या थाळीलाही धक्के बसतात, आणि मोटर, बेअरिंग असे हलणारे भाग तिच्यात जास्त. त्यात आपला गुलाल. मिरवणूक पापाच्या तिकटीला येईपर्यंत तो पिच स्लायडरच्या फटीत, क्रॉसफेडरमध्ये (एका प्लेअरचा आवाज बंद करून दुसऱ्याचा उघडणारी मिक्सरची आडवी कळ), यूएसबीच्या तोंडात गेलेला असतो. बारीक पूड आणि पावसाळी ओल एकत्र आली की स्लायडर अडकायला लागतो. वाजवत नसलेल्या प्लेअरवर कव्हर टाका आणि घरी आल्यावर आधी ब्रशनं झाडा. थेट ओलं फडकं फिरवलं तर गुलाल आणखी आत बसतो.

जनरेटरवर चालणाऱ्यांनी एक गोष्ट मुद्दाम लक्षात घ्या. अनेक कंट्रोलरचा, म्हणजे लॅपटॉपला जोडून वाजवायच्या यंत्रांचा, जॉग धातूचा असतो आणि हाताचा स्पर्श विजेच्या बदलावरून ओळखतो. अर्थिंग नीट नसेल किंवा हात घामानं चिंब असेल तर तो चुकतो. हात नसताना गाणं थांबतं, किंवा हात असून थांबत नाही. सीडीजेसारख्या मोठ्या प्लेअरमध्ये माथा किंचित दबतो आणि दाबावर चालतो, त्याला घामाचं काही वाटत नाही. जुना प्लेअर घेताना मात्र हाच दाब तपासा. माथ्यावर मधोमध आणि चारी कडांना हलकं बोट ठेवून बघा, सगळीकडं गाणं सारखंच थांबलं पाहिजे. प्ले आणि क्यू ही बटणं भरभर दाबून बघा, सर्वांत जास्त झिजतात ती हीच.

स्लिप मोड आहे का, हेही विचारा. तुम्ही घासत असताना मूळ गाणं आतल्या आत पुढं जात राहतं, हात काढला की ते जिथं असायला हवं तिथूनच सुरू होतं. नाचणाऱ्या तालमीसमोर, म्हणजे आपल्याकडच्या मंडळासमोर, स्क्रॅच करायचा तर हे फार मोलाचं आहे, कारण नाचणाऱ्यांचा ठेका एकदाही तुटत नाही.

आणि पेन ड्राइव्ह एफएटी32 मध्ये फॉरमॅट करा. कॉम्प्युटरवर चालणारा एनटीएफएसचा ड्राइव्ह बरेच प्लेअर वाचतच नाहीत.

सगळे पैसे प्लेअरवर घालू नका, हे मात्र मी हात जोडून सांगतो. स्क्रॅच दोन हातांनी होतो. एक जॉगवर, दुसरा मिक्सरच्या, म्हणजे दोन प्लेअरचे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्राच्या, क्रॉसफेडरवर. क्रॉसफेडर ढिला आणि हलका हवा, आणि कडेपासून एक-दोन मिलिमीटर सरकला की आवाज पूर्ण उघडायला हवा. हळूहळू आवाज वाढवणारा फेडर मिक्सिंगला चालतो, त्यावर स्क्रॅचची धार येत नाही. साध्या प्लेअरसोबत चांगला दोन चॅनलचा स्क्रॅच मिक्सर असलेला पोरगा, भारी प्लेअर आणि साधा मिक्सर असलेल्यापेक्षा लवकर शिकतो. हे मी आपल्या तालमींच्या पोरांत वर्षानुवर्षं बघतोय.

खरेदीला जाताना दुकानातलं डेमो गाणं ऐकू नका. पेन ड्राइव्हमध्ये दोन गाणी न्या: एक ठरलेल्या बीपीएमचं, एक चढत्या लयीची हलगी. सिंक बंद करून हलगी दुसऱ्या गाण्यावर दोन मिनिटं धरून बघा. मग हलगीच्या पहिल्या थापेवर हॉट क्यू, म्हणजे बटण दाबताच त्या जागी नेणारी खूण, लावा आणि तेवढीच थाप घासत राहा. थापेचा चटका प्रत्येक वेळी सारखा, कोरडा आला पाहिजे. दुकानदार घाई करत असेल तर दुसऱ्या दुकानात जा. हेडफोन तुमचाच न्या.