५०० मैलांनंतर गाडी सुरू होणार नाही

डॅशबोर्डवर पिवळा दिवा आणि खाली ही धमकी. इंजिन ठणठणीत, डिझेल भरपूर. गेला होता फक्त डीईएफच्या, म्हणजे डिझेलचा धूर साफ करायला लागणाऱ्या द्रवाच्या, टाकीतला हीटर.

बीएस-६ डिझेल गाडी चालवणाऱ्या नागपूरकरांना डीईएफ काय ते सांगायला नको. ३२.५ टक्के युरिया, बाकी शुद्ध पाणी. ते उणे ११ अंशांना गोठतं, याच्याशी मात्र आपला कधी संबंध येत नाही. इथे अमेरिकेतल्या मिनेसोटात जानेवारीत पारा त्याच्याही खूप खाली उतरतो, म्हणून टाकीतच हीटर. तो सुटा मिळत नाही म्हणे, पंपासकट अख्खा संच बदला. महागड्या गाडीचं वय झालं तरी तिच्या पार्टांच्या किमती काही उतरत नाहीत.

पैशांपेक्षा संताप आला तो त्या उलट्या मोजणीचा. डीईएफची टाकी काठोकाठ भरलेली असली तरी आकडा उतरतच राहतो; दोष दुरुस्त होऊन गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाडाचा कोड पुसला गेला तरच थांबतो. चालती गाडी बंद पडत नाही, मान्य. पण शून्यावर आल्यावर इंजिन बंद केलं, की परत सुरू होत नाही. बाहेर उणे वीस आणि मागच्या सीटवर लेकरं असताना हा कसला नियम?

भाऊ फोनवर म्हणाला, "काढून टाक ना बे ते! आपल्या वाडीले असती त एका दुपारीत झालं असतं." झालंच असतं. नुसत्या आवाजावरून ट्रकचं दुखणं ओळखणारे मिस्त्री आहेत नागपूरजवळच्या त्या वाडीत. इथे लॅपटॉप जोडल्याशिवाय कोणी बोनेट उघडत नाही. पण ही यंत्रणा काढणं इथे बेकायदा आहे, आणि खरं सांगतो, मी काढलीही नसती. धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडचं नायट्रोजन आणि पाणी करणारी गोष्ट आहे ती. अमरावती रोडवर ट्रकांमागे सायकल मारत शाळेत गेलेल्या माणसाला त्याची किंमत कळते.

गाडी विकत का नाही, असं सगळे विचारतात. आईबाबा आले की सातही जण एकाच गाडीत मावतात, म्हणून नाही विकत.

तुमच्याकडे उलटा त्रास. सतत ३५ अंशांत ठेवलेलं डीईएफ जेमतेम ६ महिने टिकतं, आणि आपला मे तर ४५चा. डब्यावरची तारीख बघूनच घ्या. शेतातला निमकोटेड युरिया पाण्यात कालवून तर चुकूनही ओतू नका, डीईएफचा इंजेक्टर आणि धूर साफ करणारा कॅटॅलिस्ट दोन्ही जातील. आणि भाऊ, गच्चीवरच्या टिनाखाली ठेवलेला तो डबा आजच खाली आण.