आईचा वाचाघात, मेंदूला दिलेला विद्युतप्रवाह आणि अहिराणी न उमजणारे ॲप

आईला पक्षाघाताचा झटका रात्री झोपेत आला, आणि अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावाहून तिला जळगावला नेईपर्यंत रक्ताची गाठ विरघळवणाऱ्या इंजेक्शनची साडेचार तासांची मुदत उलटून गेली होती. उजवा हात-पाय हळूहळू सुधारला, वाचा मात्र परतली नाही. पॉल ब्रोका यांनी 1861 मध्ये ज्या भागाचा संबंध बोलण्याशी जोडला, त्याच डाव्या मेंदूच्या पुढच्या भागात इजा झाली होती. आईला बहुतेक सगळे समजत असे, पण मला हाक मारायला जाई आणि नाव न आल्याने कपाळावर हात मारून घेई. तीच आई श्रावणात बायका कानबाईची गाणी म्हणू लागल्या तेव्हा त्यांच्यासोबत अख्खे कडवे म्हणून गेली. भाऊबंदांनी याला कानबाईची कृपा मानले. स्पीच थेरपिस्ट मॅडमनी मात्र सांगितले की वाचाघातात असे पुष्कळदा आढळते, आणि पाठ असलेल्या गाण्याच्या सुरावरून शब्दांकडे नेण्याची एक उपचारपद्धतीही आहे.

त्यांनीच आम्हाला मेंदूला बाहेरून सौम्य विद्युतप्रवाह देणाऱ्या एका केंद्राकडे पाठवले. तिथे आधी फिट येते का, डोक्यात धातूची क्लिप आहे का, पेसमेकर बसवला आहे का, हे विचारून घेतले. त्यानंतर मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज पट्ट्याने डोक्यावर बसवून 2 मिलीअँपिअर प्रवाह 20 मिनिटे दिला जाई. सुरुवातीला आईला स्पंजाखाली खाज सुटे, बाकी त्रास असा नव्हता. या प्रवाहाने शब्द आपोआप येत नाहीत. तो चालू असताना जो सराव होतो, त्यालाच जोर मिळावा अशी अपेक्षा असते. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितले होते की आतापर्यंतच्या अभ्यासांत वस्तूंची नावे सांगण्यात थोडा फायदा दिसतो, क्रियापदांत तो दिसत नाही आणि रोजच्या बोलण्यात फरक पडतो असे सिद्ध झालेले नाही. पैसे भरण्याआधी इतके खरे सांगणारा माणूस भेटला, हे मला मोलाचे वाटते.

खरी अडचण सरावात आली. टॅबवरचे ॲप चित्र दाखवी, आईचे उत्तर ऐके आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आधारे ते बरोबर की चूक ते ठरवी. आईला एका शब्दासाठी बराच वेळ लागे, पण थोडी शांतता झाली की बोलणे संपले असे धरून ॲप ऐकणे थांबवी आणि शब्द ओठांवर यायच्या आत लाल फुली उमटे. त्यातून ती जन्मभर अहिराणी बोललेली; ‘माले पानी दे’ हे तिचे पुरे, बरोबर वाक्य ॲपला चुकीचे वाटे. अशा प्रणाली ज्या आवाजांवर शिकवल्या जातात, ते बहुतांशी धडधाकट माणसांचे आणि प्रमाण भाषेतले असतात. संगणकाला भारतीय भाषा ऐकता-बोलता याव्यात आणि त्यांचे भाषांतर करता यावे यासाठी सरकारने 2022 मध्ये सुरू केलेला ‘भाषिणी’ प्रकल्पही राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांभोवती उभा आहे, आणि अहिराणी त्या यादीत नाही.

मग मॅडमच्या सांगण्यावरून आम्ही सरावाचा संच घरीच तयार केला. जाते, कळण्याची भाकर, भरिताचे वांगे, कपाशीचे बोंड, ओट्यावरची खाट, घरातली माणसे, असे फोटो मोबाइलवर काढले, प्रत्येकाला माझ्या आवाजात अहिराणी नाव जोडले, आणि बरोबर-चूक ठरवण्याचे काम माझ्या मुलीकडे दिले. ती आजीच्या तोंडाकडे बघत थांबून राही, घाई करत नसे. केंद्रानेही उरलेल्या सत्रांत हाच संच वापरू दिला.

आता आई घरातल्या बहुतेक वस्तूंची आणि माणसांची नावे घेते. ‘भाकर’ म्हणते, पण ‘वाढ’ हे हातानेच दाखवते. हे प्रवाहाने झाले, सरावाने की मेंदूच्या आपोआप होणाऱ्या सुधारणेने, हे एका रुग्णावरून ठरवता येणार नाही. प्रवाहाचा पुढचा टप्पा आम्ही घेतलेला नाही; तो खर्च मॅडमच्या व्हिडिओ कॉलवरच्या सत्रांकडे वळवला असून, सध्या त्यांत फक्त क्रियापदे चालू आहेत.