देवाला तू, सरांना तुम्ही

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आजचा ऑनलाईन तास नेहमीप्रमाणे संध्याकाळी साडेसातला. अमेरिकेत सरांकडे सकाळचे आठ, नैरोबीच्या ब्रदरना संध्याकाळचे पाच, सोलच्या पास्टरबाईंना रात्रीचे अकरा. घरात मुलं झोपलेली, त्यामुळे बाई कुजबुजत बोलतात. तासात बोलण्याला दहा मार्क आहेत. कुजबुजण्याला किती, कोण जाणे.

मला गेल्या आठवड्यात दहापैकी चार. शेरा: स्वतःचं मत मांडत नाही. सरांनीच लिहिलेल्या प्रकरणातल्या चुका सरांसमोर काढायच्या होत्या! वहीत दोन पानं भरून ठेवली होती, पण तोंडातून 'सर, मला वाटतं'च्या पुढे काही फुटेना. त्यात 'सर' म्हणायचं नाही, नुसत्या नावाने हाक मारायची. का, तर आम्हाला मोकळं वाटावं म्हणून. सत्तरीच्या माणसाला मी नुसतं नावाने बोलावलं तर आई कबरेतून उठून येईल.

आज प्रार्थनेवर चर्चा होती. तुमच्या भाषेत देवाला काय म्हणता, असं सरांनी विचारलं. म्हटलं, तू. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या, तुझे नाव पवित्र मानले जावो.' चर्चमध्ये पाळकसाहेबांना अहो-जाहो आणि देवाला सरळ अरे-तुरे. सोलच्या बाई चमकल्याच. कोरियनमध्ये देवाशी बोलताना क्रियापदाचं शेपूटसुद्धा सर्वांत आदराचं लावावं लागतं. "मग तुम्हाला देवाचा धाक नाही वाटत?"

मग मी सुटलेच. विठ्ठलाला 'तू' म्हणत त्याच्याशी भांडणारे तुकोबा सांगितले. तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो म्हणणारे, १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले आणि पुढे आमच्या नगरला राहिलेले कवी ना. वा. टिळक सांगितले. पूल दाखवताना हात एवढे हलले की शेजारचा पाण्याचा तांब्या लवंडला. सर गालावर हात ठेवून ऐकत होते. आताच्या इंग्रजीत देवाला आणि विद्यार्थ्याला एकच 'यू', त्यांना असा पेच कधी पडणार?

नेमकी तेव्हाच लाईट गेली. मोबाईलच्या नेटवर परत जोडली जाईपर्यंत तास संपलेला. सरांचा निरोप मात्र होता: हेच दोन पानांत लिहून पाठवा, तासात बोलल्याचे मार्क त्यावर देईन.

उत्तर टाईप केलं, 'थँक यू, सर.' 'सर' खोडून नाव लिहिलं. थोडा वेळ बघत बसले. परत 'सर' केलं आणि पाठवून दिलं.